डोळा बाहेर जातो, नंबर मात्र प्लसचा

तिरळेपणाबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी एकच गुंता पुन्हा पुन्हा दिसला. मुलाचा डोळा बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाकडे सरकतो आणि तपासणीत नंबर प्लसचा, म्हणजे दूरदृष्टीचा, निघतो. प्लस नंबर आणि नाकाकडे वळलेला डोळा ही जोडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. ही दुसरी जोडी कमी दिसते, म्हणून सल्लेही उलटसुलट मिळतात. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. संध्याकाळी दमली की तिचा डावा डोळा बाहेर जातो आणि उन्हात ती एक डोळा मिटून घेते. औषध घालून तपासल्यावर दोन्ही डोळ्यांचा नंबर +५.५० आला. एका डॉक्टरांनी दिवसभर चष्मा लावायला सांगितलं. दुसरे म्हणाले, प्लसच्या काचेने बाहेरचा तिरळेपणा वाढतो, चष्मा नको. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेला नियम खरा आहे. फक्त तो तुमच्या मुलीला लागू पडण्याची शक्यता कमी आहे. असं का, ते समजून घेतलंत तर पुढच्या प्रत्येक तपासणीत तुम्हाला नेमके प्रश्न विचारता येतील.

जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग फुगतं, तेव्हा दोन्ही डोळे आपोआप नाकाकडे वळतात. भिंगाचा जोर आणि डोळ्यांचं आत वळणं एकाच दोरीला बांधलेलं आहे. भिंगाने १ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं एकक) जोर लावला की डोळे साधारण ३ ते ५ प्रिझम डायॉप्टर आत येतात (१ मीटर अंतरावर १ सेंटिमीटर सरकणं म्हणजे १ प्रिझम डायॉप्टर). प्लस नंबर असलेल्या मुलाला लांबचं पाहतानाही हा जोर लावावा लागतो. समजा नंबर +२ आहे, मूल तो जोर सहज लावतं आणि दर १ डायॉप्टरला त्याचे डोळे ४ प्रिझम डायॉप्टर आत येतात. त्याला +२ चा चष्मा दिला की भिंगाला विश्रांती मिळेल, पण त्याबरोबर आत ओढणारा ८ प्रिझम डायॉप्टरचा आधारही जाईल. बाहेर सरकू पाहणारा डोळा जेमतेम सावरलेला असेल तर तो सुटेल. दुसऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हेच गणित असणार.

आता +५.५० चं गणित पाहा. लांबचं पाहायला साडेपाच डायॉप्टर आणि ३३ सेंटिमीटरवरचं चित्र पाहायला आणखी ३, म्हणजे एकूण साडेआठ. साडेचार वर्षांच्या मुलाच्या भिंगात तेवढी ताकद असते. पण ती दिवसभर लावून धरणं ही वेगळी गोष्ट आहे. जी मुलं ती लावून धरतात त्यांचे डोळे बहुधा आत वळतात. काही मुलं प्रयत्नच सोडून देतात. त्यांना जवळचं आणि लांबचं, दोन्ही धूसर दिसतं, आणि भिंग काम करत नसल्याने डोळ्यांना आत ओढणारं काही उरत नाही. दोन धूसर चित्रं मेंदूला नीट जुळवताही येत नाहीत. मग डोळा बाहेर सरकतो. एरवी ‘दूरदृष्टी’ म्हटलं की कौतुक असतं. इथे मात्र लांबचंही धड दिसत नाही आणि मूल तक्रारही करत नाही, कारण स्पष्ट दिसणं म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं.

अशा मुलाला प्लसची काच मिळाली की जवळच्या चित्रासाठी साडेआठऐवजी ३ डायॉप्टर पुरतात. तेवढं आवाक्यातलं असल्याने भिंग कामाला लागतं, चित्र स्पष्ट होतं आणि मेंदू दोन चित्रं जुळवू लागतो. बाहेर जाणारा डोळा चष्म्यानेच सावरल्याचं या मुलांत दिसतं.

मूल कोणत्या गटातलं आहे हे अंदाजाने ठरवायचं नसतं, ते तपासता येतं. चष्मा नसताना जवळचं अक्षर वाचायला देऊन रेटिनोस्कोपने (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायच्या उपकरणाने) भिंग लागणाऱ्या जोरापेक्षा किती मागे पडतं ते बघतात. ते बरंच मागे पडत असेल तर मुलाने प्रयत्न सोडलेला आहे. मग ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात, प्लसच्या काचा घालून मुलाला वीस-तीस मिनिटं बसवायचं आणि डोळा किती बाहेर जातो, किती लवकर परत येतो हे लांबच्या आणि जवळच्या अंतरावर पुन्हा मोजायचं. दोन डॉक्टरांतला मतभेद या अर्ध्या तासात बहुतेक वेळा मिटतो. ही तपासणी झाली नसेल तर आग्रहाने करून घ्या. मात्र नंबर काढायला घातलेल्या थेंबांचा किंवा मलमाचा असर पूर्ण उतरल्यावरच, कारण सुस्तावलेल्या भिंगावर तिला अर्थ नाही.

नंबर किती द्यायचा? या वयात +४ किंवा त्याहून अधिक नंबर असेल तर आमचं मत चष्म्याच्या बाजूने आहे. पूर्ण नंबर द्यावा, किंवा १ ते १.५० कमी करून सुरुवात करावी. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे +४ ते +४.५० होईल. कमी करायचं ते दोन्ही डोळ्यांत सारखंच करावं. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल तर तो पूर्ण द्यायचा आणि सिलिंडरचा (डोळ्याच्या असमान गोलाईचा) नंबरही पूर्ण द्यायचा. +२ च्या आत नंबर असेल, दोन्ही डोळे सारखे असतील आणि नजर वयाप्रमाणे असेल तर चष्म्याची घाई नको. +२ ते +४ हा करड्या रंगाचा पट्टा आहे, तिथे ट्रायल फ्रेमचं उत्तर मानावं.

चष्मा लावल्यावर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोवर रोज सकाळी, दुपारी आणि झोपण्याआधी वहीत नोंद करा: डोळा आपणहून बाहेर गेला का, आणि पापणी मिटली की लगेच जागेवर आला की काही सेकंद लागले. तपासणीच्या खोलीत मूल सावध असतं, पाहुण्यांसमोर बसल्यासारखं. घरची नोंद आणि तीन-चार मीटरवरची वस्तू बघतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ जास्त खरं सांगतो. डॉक्टर हीच गोष्ट ० ते ५ गुणांत मोजतात. डोळा झाकून उघडल्यावर एका सेकंदाच्या आत परतला तर ०, अर्ध्या मिनिटाच्या निरीक्षणात तो सतत बाहेरच राहिला तर ५. हा आकडा दर वेळी कागदावर लिहून मागा. चष्म्याने आकडा वाढत गेला तर प्लस ०.५० ते १ ने उतरवता येतो. फायदा होत नाही म्हणून एकदम चष्मा बंद करू नका.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाचे डोळे फोटोत बाहेर गेल्यासारखे दिसतात. तपासणीत तिरळेपणा नाही म्हणाले, नंबर +३ आहे. मग दिसतं ते काय?

उत्तर : बाहुलीचा मध्य आणि प्रत्यक्ष नजरेची रेषा यांत थोडा कोन असतो. प्लस नंबरच्या लहान डोळ्यांत तो अनेकदा मोठा असतो. त्यामुळे टॉर्चचा किंवा फ्लॅशचा चमकणारा ठिपका बाहुलीच्या मधोमध न पडता दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूला पडतो आणि डोळे बाहेर गेल्याचा भास होतो. खरं-खोटं झाकून-उघडून होणाऱ्या तपासणीत कळतं. एक डोळा झाकल्यावर दुसरा जागचा हलला नाही, तर तिरळेपणा नाही. या वयात फक्त +३ साठी बहुधा चष्मा लागत नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं असेल तर पडदाही तपासून घ्या. पडद्याचा मध्यबिंदू ओढला गेल्यानेही असाच भास होतो.

प्रश्न : नातीला आधी साध्या तपासणीत +१.५० नंबर सांगितला. मग तीन दिवस मलम घालायला लावलं आणि नंबर +४ आला. एवढा फरक कसा? मलम घातल्यावर तिचा चेहराही लाल झाला होता.

उत्तर : आजोबा, दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. औषधाशिवाय मूल भिंगाचा जोर लावून नंबर लपवतं. नातीने अडीच डायॉप्टर लपवले होते. याचा अर्थ तिच्या भिंगाने अजून प्रयत्न सोडलेला नाही, आणि चष्म्याचा नंबर ठरवताना हे लक्षात घ्यावं लागतं. पहिल्या पत्रातल्या मुलीपेक्षा तिच्या बाबतीत जपून नंबर द्यावा, असं आम्हाला वाटतं.

मलम म्हणजे १ टक्का अ‍ॅट्रोपिन. साधारणपणे ते दिवसातून दोनदा, तीन दिवस घालतात. तपासणीच्या दिवशी सकाळी घालत नाहीत, कारण मलमाच्या थरामुळे रेटिनोस्कोपमधली चमक धूसर होते. खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं मलम पुरतं. घातल्यावर नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरला तर औषध नाकातून अंगात कमी जातं. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं हे त्या अंगात गेलेल्या औषधाचं लक्षण आहे. ताप, जोराची धडधड, बडबड किंवा अस्वस्थता दिसली तर पुढचा डोस घालू नका, डोळा पुसून घ्या आणि लगेच डॉक्टरांना कळवा. ट्यूब मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेली तर धोका असतो. बाहुली दहा ते चौदा दिवस मोठी राहते. तोवर उन्हात टोपी घालावी आणि जवळचं दिसत नाही म्हणून रागावू नये.

मोठ्या मुलांना बहुधा सायक्लोपेंटोलेटचे थेंब पुरतात. पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा घालून अर्ध्या-पाऊण तासाने नंबर काढतात आणि असर साधारण दिवसभरात उतरतो. चष्मा तयार असेल तर अ‍ॅट्रोपिनचा असर असतानाच तो लावायला सुरुवात करा. एरवी मूल जोर लावत राहतं आणि काचेतून लांबचं धूसर दिसतं म्हणून चष्मा भिरकावून देतं. भिंग सुस्त असताना तीच काच त्याला आवडते.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला +५ चा चष्मा करून दोन महिने झाले. तो काचेच्या वरून बघतो आणि डोळा पूर्वीइतकाच बाहेर जातो. नंबर चुकला असेल का?

उत्तर : चुकला असेलही, पण त्याआधी चष्मा तपासा. मोठ्या प्लस नंबरात नंबर बरोबर आणि चष्मा चूक असं पुष्कळदा होतं.

पहिली गोष्ट काचेच्या मध्याची. प्लसच्या काचेतून मधोमध पाहिलं तरच ती फक्त नंबराचं काम करते, बाजूने पाहिलं की ती प्रिझम होते. +५ ची काच ४ मिलिमीटर सरकली तर २ प्रिझम डायॉप्टर तयार होतात, दोन्ही काचा सरकल्या तर ४. काचांचे मध्य बाहुल्यांच्या बाहेरच्या बाजूला गेले असतील तर या प्रिझममुळे डोळ्यांना जास्त आत वळावं लागतं. ज्या मुलाला आत वळणंच जड जातं त्याच्या डोक्यावर हे नवं ओझं. रुंद, फॅशनेबल फ्रेममध्ये हे सर्रास होतं. चष्मेवाल्याला लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) दोन्ही काचांचे मध्य मार्करने ठिपके देऊन दाखवायला सांगा. मग मुलाला चष्मा घालून समोर लांब बघायला लावा. ठिपके बाहुल्यांसमोर आले पाहिजेत. आले नाहीत तर काच पुन्हा करून घ्या, ‘सवय होईल’ हे उत्तर मान्य करू नका.

दुसरी गोष्ट, घसरणारी फ्रेम. लहान मुलांचं नाक बसकं असतं. चष्मा खाली आला की मूल वरून बघतं, आणि डोळ्यापासून लांब गेलेली प्लसची काच जणू जास्त नंबराची होते. फ्रेम लहान हवी, मुलाचे डोळे तिच्या मधोमध यायला हवेत. नाकावर मऊ सिलिकॉनची गादी, कानामागे वळणारी काडी किंवा मागून इलॅस्टिकचा पट्टा लावावा. काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी, ती हलकी असते आणि सहसा फुटत नाही.

दोन्ही ठीक असतील तर मूल अजून स्वतःच जोर लावत असेल. तेव्हा पुन्हा औषध घालून नंबर काढावा आणि चष्म्यासह डोळा मोजावा. चष्मा रोज किती तास लागतो याचा प्रामाणिक हिशेबही करा. दिवसात दोन तास लावलेल्या चष्म्यावरून काहीच ठरवता येत नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे, नंबर +३.५०. पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम सुरू करू का? पट्टी लावली तर?

उत्तर : पेन्सिलचा व्यायाम जवळ बघताना डोळे आत न येण्याच्या त्रासावर आहे. लांब बघताना डोळा बाहेर जात असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. २००८ साली निकाल आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ९ ते १७ वर्षांची मुलं होती. तिथेही दवाखान्यात देखरेखीखाली १२ आठवडे केलेले व्यायाम घरच्या पेन्सिलपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. तुमच्या मुलाच्या बाबतीत आधीचा प्रश्न वेगळा आहे: चष्म्याशिवाय त्याला पेन्सिलीवरचं अक्षर स्पष्ट दिसतं का? न सुधारलेला प्लस नंबर हुबेहूब या त्रासाचं सोंग घेतो. आधी चष्मा, मग पुन्हा मोजमाप. त्यानंतरही जवळचा दोष उरला तर चष्मा लावूनच व्यायाम करायचा. पेन्सिलीवर बारीक अक्षर चिकटवावं, रोज १५ मिनिटं करावं, आणि अक्षर दोन दिसू लागलं की तिथे थांबून एक करायचा प्रयत्न करावा.

पट्टीचं कारण वेगळं आहे. एका डोळ्याची नजर चष्म्यानेही कमी राहत असेल, म्हणजे तो आळशी असेल, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात. आधी तीन-चार महिने नुसता चष्मा द्यावा, पुष्कळ नजर त्यानेच वाढते. मग मध्यम दोषाला रोज २ तास, तीव्र दोषाला ६ तास. पट्टी कातडीवर चिकटवायची, काचेवर लावली की मूल कडेने डोकावतं. नजर दोन्ही डोळ्यांत सारखी असेल तर फक्त बाहेर जाणाऱ्या डोळ्यासाठी दिवसभर पट्टी लावू नका. पट्टीखाली दोन डोळ्यांची जुळणीच बंद पडते.

जाता जाता, भिंगाला जोर लावायला लावून डोळे आत ओढावेत म्हणून बाहेर जाणाऱ्या डोळ्यांसाठी मुद्दाम मायनसची काच देण्याचीही एक पद्धत आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३८६ मुलांच्या चाचणीत, काच लावलेली असताना डोळा जास्त ताब्यात राहिला, पण काच उतरवल्यावर फायदा टिकला नाही. मोठ्या प्लस नंबरची मुलं त्या चाचणीत नव्हती. ज्याला साडेतीन डायॉप्टरचं ओझं आधीच आहे त्याच्यावर आणखी ओझं टाकणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : मुलीचं (वय ६, नंबर +४.५०) ऑपरेशन सुचवलं आहे. ऑपरेशननंतर चष्मा जाईल ना?

उत्तर : नाही. ऑपरेशन स्नायूंवर होतं आणि नंबर डोळ्याच्या लांबीमुळे असतो. वयाबरोबर प्लस थोडा उतरतो, पण एवढा मोठा नंबर सहसा पूर्ण जात नाही.

तारीख घेण्याआधी एक खात्री करा. योग्य चष्मा दोन-तीन महिने पूर्णवेळ लावल्यावर, चष्म्यासकट मोजलेल्या तिरळेपणावर ऑपरेशन ठरलं आहे ना? चष्म्याशिवाय मोजून स्नायू सरकवले आणि नंतर चष्मा दिला तर हिशेब चुकतो. उलट, ऑपरेशननंतर चष्मा काढून टाकला तर मुलगी भिंगाचा जोर लावू लागेल आणि तोच डोळा नाकाकडे वळेल. आणखी एक बारकावा आहे: प्लसच्या काचेतून प्रिझमने मोजलं की तिरळेपणा थोडा कमी दिसतो, +५ ला साधारण १२ टक्के. शल्यचिकित्सक हे जमेस धरतात.

दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे सरकवतात, किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा मागे सरकवून आतला आखूड करतात. पहिल्या पद्धतीत २० प्रिझम डायॉप्टरला दोन्हीकडे सुमारे ५ मिलिमीटर, ४० ला सुमारे ८ मिलिमीटर असं गणित असतं. नंतर काही दिवस डोळा किंचित आत दिसतो आणि दोन-दोन दिसतं. हे बहुधा मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण डोळा पुन्हा बाहेर सरकतो. आत वळणं दोन-तीन आठवड्यांनंतरही राहिलं तर कमी करून दिलेला प्लस पूर्ण द्यावा लागतो. दोष परत येणंही दुर्मीळ नाही. दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या २०१९ च्या चाचणीत तीन वर्षांनी एकीत ४६ आणि दुसरीत ३७ टक्के मुलांचा निकाल असमाधानकारक होता. डोळा दिवसातला बराचसा वेळ बाहेर राहत असेल किंवा वस्तू किती जवळ-लांब आहे याची जाण घटत असेल तर ऑपरेशन करावं. महिन्यातून चार वेळा ताप-थकव्यात डोळा जातो एवढ्यासाठी नको.

प्रश्न : कोणत्या लक्षणांत थांबू नये?

उत्तर : बाहुलीत पांढरी चमक, अचानक सुरू झालेला तिरळेपणा, पापणी खाली येणं, दोन बाहुल्यांच्या आकारात फरक, डोकेदुखी-उलट्यांबरोबर दोन-दोन दिसणं: यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या काही महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून बाहेर जाणं चालतं. चार महिन्यांनंतरही तो जात असेल, किंवा कोणत्याही वयात एकच डोळा सतत बाहेर राहत असेल, तर पडद्याच्या तपासणीसह पूर्ण तपासणी लवकर करून घ्या. ज्या डोळ्याला दिसत नाही तोही असाच बाहेर जातो, आणि तिथे चष्म्याच्या नंबरावर वाद घालत बसलं तर मोलाचे आठवडे निघून जातात.